तारकांच्या वसाहती टिपायला टफ कॅमेरा: टीजी-६ आणि टीजी-७चं परीक्षण

ऑलिंपसच्या टफ मालिकेतले टीजी-६ (२०१९) आणि टीजी-७ (२०२३, आता ‘ओएम सिस्टिम’ या नावाने) हे कॅमेरे पोहणाऱ्यांना, डोंगर चढणाऱ्यांना, मुलाबाळांसह समुद्रावर जाणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून विकले जातात. इथे त्यांची परीक्षा एकाच कामासाठी घेतली आहे. बोट्रिलस श्लोसेरी या वसाहत करून राहणाऱ्या समुद्रपिचकारीची (दोर-खडकांना चिकटून, पाणी गाळून जगणाऱ्या समुद्री प्राण्याची) एकच वसाहत दिवसेंदिवस, जागच्या जागी, तिला न खरवडता टिपत राहायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, सांताक्रूझ किंवा मॉन्टेरीच्या बंदरात तरत्या धक्क्यांच्या बाजूला ही प्रजाती सापडते, आणि बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना ती शनिवार-रविवारच्या फेरीत सहज गाठता येते. म्हणून उदाहरणं तिथली आहेत. कोकण किनाऱ्यासाठी काय बदलतं, ते शेवटाकडे येईल.

निकाल आधीच सांगायचा तर या कामासाठी खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. पण तो सोयीचा ठरतो तो एका सुंदर फोटोसाठी नव्हे. एकच फोटो काढायचा असेल तर चांगला फोन आणि वर लावायची मॅक्रो भिंग पुरते. हा कॅमेरा घ्यायचा तो पुन्हा पुन्हा त्याच तारकेकडे, म्हणजे वसाहतीतल्या त्याच फुलासारख्या गटाकडे, परत जाण्यासाठी. आणि त्याच्या तीन उणिवा आधी समजून घेतल्या नाहीत तर पहिल्या महिन्यात पदरी निराशाच येते.

ज्याचा फोटो काढायचा तो प्राणी

बोट्रिलसची वसाहत पहिल्यांदा बघणाऱ्याला स्पंज वाटते, नाहीतर कुणीतरी दोरावर जेली ओतल्यासारखी. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, पारदर्शक, थोडा चिवट थर, आणि त्यात फुलांसारख्या तारका. एका तारकेत बहुधा पाच-सहापासून डझनभर पाकळ्या. यातली प्रत्येक पाकळी हा एक स्वतंत्र जीव आहे, त्याला झूइड म्हणतात. लांबी सुमारे २ मिलिमीटर. अठराव्या शतकात श्लोसर यांना इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर हा प्राणी सापडला, पलास यांनी १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. तेव्हा अख्खी तारका म्हणजे एक प्राणी असाच समज होता. पाकळी म्हणजेच प्राणी, हे साविन्यी यांनी १८१६ मध्ये शवविच्छेदन करून दाखवलं.

पाकळीच्या बाहेरच्या टोकाला तोंडाची तोटी असते. तिथून पाणी आत येतं, घशातल्या जाळीतून गाळलं जातं, आणि तारकेच्या मधोमध असलेल्या एकाच सामायिक छिद्रातून सगळ्यांचं पाणी बाहेर पडतं. तोट्या वेगळ्या, गटार एक. फोटो नीट आलाय की नाही हे तपासायची सोपी खूण हीच: प्रत्येक पाकळीची तोटी आणि मधलं छिद्र, दोन्ही एकाच चौकटीत स्पष्ट दिसायला हवं.

सगळ्या झूइडना धरून ठेवणारा पारदर्शक थर म्हणजे कंचुक. तो सेल्युलोजचा बनलेला असतो, प्राण्यांच्या जगात ही दुर्मीळ गोष्ट. कंचुकातून रक्तवाहिन्यांचं जाळं फिरतं, आणि वसाहतीच्या कडेला त्या वाहिन्या बोटाच्या पेरासारख्या फुगीर टोकांनी संपतात. या टोकांना ॲम्प्युला म्हणतात. त्यांच्याकडे पुढे परत यायचं आहे, कारण या कॅमेऱ्याची खरी कमाई तिथे आहे.

शाळेत शिकलेला हर्डमानिया आठवत असेल तर त्याचाच हा भाऊबंद, पुच्छसमपृष्ठरज्जू गटातला. पृष्ठरज्जू असतो तो फक्त अळीच्या शेपटीत. अळी बेडकाच्या पिल्लासारखी दिसते, थोडा वेळ पोहते, एखादा पृष्ठभाग पकडते, शेपूट आत शोषून घेते आणि तिचा पहिला झूइड होतो. त्यानंतर वसाहत वाढते ती मुकुलायनाने, म्हणजे अंगाच्या बाजूला कळ्या फुटून. हर्डमानिया एकटा राहतो, हा कुटुंबकबिल्यासह. फरक एवढाच नाही, पण फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने हाच मोठा.

चौकटीत किती मावतं

टीजीच्या डायलवर सूक्ष्मदर्शकाचं चिन्ह आहे. त्या मोडमध्ये कॅमेरा भिंगाच्या काचेपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो, आणि तेही पूर्ण झूम लावून. बाकीचे बहुतेक छोटे कॅमेरे जवळ जातात ते झूम न लावता, त्यामुळे विषय पसरट आणि वाकडा दिसतो. टीजीमध्ये पूर्ण झूमला आणि १ सेंटिमीटर अंतरावर चौकटीची रुंदी साधारण साडेपाच मिलिमीटर भरते. फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ४,००० पिक्सेल. हिशेब केला तर एका मिलिमीटरला सुमारे ७०० पिक्सेल येतात, आणि २ मिलिमीटरच्या झूइडला जवळपास १,४००. लहानशी तारका चौकट भरून टाकते, मोठी थोडी बाहेर जाते.

याच मोडमध्ये ‘मायक्रोस्कोप कंट्रोल’ नावाची एक सोय आहे, ती पडद्यावर २ पट, ४ पट मोठं दाखवते. ती वापरू नये. ते डिजिटल कापणं आहे, नवा तपशील त्यातून एकही मिळत नाही, आणि शेजारची तारका चौकटीबाहेर गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच जागा ओळखणं कठीण होतं.

रोजचे फोटो एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर मोजपट्टी लागतेच. १ मिलिमीटर चौकड्यांचा आलेख कागद लॅमिनेट करून त्याची १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी आणि वसाहतीच्या पातळीत, शेजारी धरून प्रत्येक बैठकीचा पहिला फोटो काढावा. पट्टी वसाहतीच्या वर किंवा खाली गेली तर माप चुकतं. इतक्या जवळून दोन मिलिमीटरचा फरकही आकड्यात दिसतो. झूम नेहमी शेवटाला टेकवलेलाच ठेवावा, मधल्या कुठल्याही जागी ठेवला तर उद्या तीच जागा पुन्हा सापडत नाही.

प्रकाश: पहिली उणीव

भिंग विषयापासून १ सेंटिमीटरवर आलं की कॅमेऱ्याची स्वतःची सावली वसाहतीवर पडते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश इतक्या जवळ पोचतच नाही, भिंगाच्या कड्याची सावली चौकटीत येते. कंपनीने यासाठी दोन जोड दिले आहेत. एलजी-१ हे कडं कॅमेऱ्यावरच्या एलईडीचा प्रकाश भिंगाभोवती गोल फिरवून आणतं. एफडी-१ हे फ्लॅशचा प्रकाश पसरवून आणतं. दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि या कामाला दोन्हीपैकी एक तरी लागणारच असं धरूनच खर्चाचा हिशेब करावा.

कोरड्या किड्याला किंवा फुलाला एलजी-१ छान. ओल्या कंचुकावर मात्र त्याचं गोल प्रतिबिंब पडतं, नेमकं तारकेच्या मध्यावर, जिथे सामायिक छिद्र असतं तिथेच. यावर उपाय असा: वसाहत पाण्याबाहेर असताना फोटो काढूच नये. ती किमान १ ते २ सेंटिमीटर समुद्राच्या पाण्याखाली राहू द्यावी आणि कॅमेऱ्याचं तोंड पाण्यात बुडवावं. कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत पाणी आत येऊ देत नाही, तेव्हा धक्क्यावरून हात बुडवून काम करायला काहीच अडचण नाही. पाण्यात गेल्यावर कंचुकाची चमक नाहीशी होते आणि आतल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. उजेडासाठी पाण्यात चालणारी छोटी बॅटरी (टॉर्च) बाजूने, साधारण ४५ अंशांत धरावी. बाजूचा उजेड कंचुकातून आरपार शिरतो, आणि समोरच्या उजेडात सपाट दिसणारी वसाहत एकदम काचेच्या पेटीसारखी उलगडते. एका हातात कॅमेरा, एका हातात बॅटरी, म्हणून मनगटाचा पट्टा घालूनच वाकावं. हा कॅमेरा तरंगत नाही. तरंगणारा पट्टा स्वस्त असतो आणि मरीनातलं पाणी गढूळ असतं.

फोकस आणि भिंगाचं छिद्र: दुसरी उणीव

एवढ्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच राहते. भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) लहान केलं की खोली वाढेल, असं छायाचित्रण शिकलेल्या माणसाला वाटतं, आणि इथे तो फसतो. टीजीमध्ये पूर्ण झूमला एफ ४.९, ६.३ आणि १८ असे तीन आकडे दिसतात. यातला १८ हा खरा लहान छिद्राचा आकडा नाही. तिथे कॅमेरा फक्त उजेड कमी करणारा एनडी फिल्टर मध्ये सरकवतो. खोली वाढत नाही, उजेड मात्र जातो. म्हणून एफ ६.३ वर थांबावं, आयएसओ २०० ते ४०० ठेवावा, आणि उजेड बॅटरीने भरून काढावा.

खोली वाढवायचा कॅमेऱ्यातला दुसरा मार्ग म्हणजे फोकस स्टॅकिंग: वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो काढून कॅमेरा ते आतल्या आत एकत्र जोडतो. शंख, वाळू, वाळलेला नमुना यांवर हे उत्तम चालतं. जिवंत बोट्रिलसवर फारसं नाही. तरता धक्का हलत असतो, आणि मधेच एखाद्या झूइडने तोटी मिटली तर जोडलेल्या फोटोत दोन-दोन तोट्यांची भुतं उमटतात. जोडलेला फोटो फक्त जेपीईजीत मिळतो आणि कडा थोड्या कापल्या जातात, हे वेगळंच.

त्याऐवजी फोकस ब्रॅकेटिंग वापरावं. एका दाबात ३० पर्यंत फोटो, प्रत्येकाचा फोकस थोडा पुढे. जोडायचं काहीच नाही, घरी बसून त्यातला तोट्यांचा स्पष्ट फोटो एक, कंचुकाच्या खालच्या कळ्यांचा एक, असे निवडायचे. हलत्या धक्क्यावर ३० पैकी पाच-सहा कामाचे निघाले तरी पुरेसे. मेमरी कार्ड मात्र मोठं ठेवावं.

हात लावला, किंवा कॅमेरा धपकन पाण्यात आणला की झूइड आक्रसतात आणि तोट्या मिटतात. घाई करू नये. कॅमेरा जागेवर आणून दोन-तीन मिनिटं स्थिर धरला की तोट्या परत उघडतात. मिटलेल्या तोट्यांचा फोटो घेऊन घरी जाणं म्हणजे दार बंद असलेल्या घराचा फोटो घेणं, आत कोण राहतं ते त्यातून कळत नाही. शिवाय मिटलेली तोटी हीच पुढच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, आणि ती धक्क्याने मिटली की आपोआप, हा गोंधळ मागाहून सुटत नाही.

आठवड्याचं चक्र

बोट्रिलसच्या वसाहतीत एकाच वेळी तीन पिढ्या नांदतात. पाणी गाळणारे प्रौढ झूइड, त्यांच्या बाजूला वाढणाऱ्या कळ्या, आणि त्या कळ्यांच्याही अंगावर नुकत्याच धरलेल्या बारीक कळ्या. १८ ते २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण दर आठवड्याला प्रौढांची अख्खी पिढी एकदम संपते, मधली पिढी प्रौढ होते, आणि सगळ्यात धाकटी मधल्या जागी येते. वसाहतीतले सगळे झूइड यात एकाच तालावर असतात, एक आज आणि दुसरा परवा असं होत नाही. वसाहत शेकडो झूइडांची असली तरी तोट्या मिटतात त्या सगळ्यांच्या एकाच वेळी. प्राणिजगात असं दृश्य दुसरीकडे शोधून सापडायचं नाही, आणि ते साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या आकारात, होड्यांच्या दोरांवर, दर आठवड्याला घडत असतं.

अभ्यासक या चक्राचे चार टप्पे करतात. नव्या झूइडांच्या तोट्या उघडल्या की पहिला टप्पा सुरू. मधल्या पिढीच्या कळ्यांत हृदयाचे ठोके पडू लागले की दुसरा. कळ्यांच्या अंगावर रंगाचे कण धरू लागले की तिसरा. चौथा म्हणजे पालट. प्रौढांच्या तोट्या मिटतात, त्यांच्या पेशी ठरवून मरतात, रक्तातल्या भक्षक पेशी त्यांना खाऊन टाकतात, आणि उरलेलं द्रव्य पुढच्या पिढीच्या कामी येतं. हे सगळं २४ ते ३६ तासांत आटोपतं.

टीजीने यातलं काय दिसतं? पहिला टप्पा आणि पालट अगदी स्वच्छ दिसतात. पालटाच्या दिवशी तारका कोमेजलेल्या फुलासारख्या आक्रसतात, रंग गडद होतो, मधलं छिद्र दिसेनासं होतं. नवख्याला वाटतं वसाहत मेली. असा फोटो आला तर ती जागा सोडू नये, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत जावं. त्याच जागी थोड्या सरकलेल्या, ताज्या तारका उघडलेल्या असतात. खरोखर मरणाऱ्या वसाहतीचा कंचुक मऊ, धुरकट होतो आणि कडेच्या ॲम्प्युला आत ओढल्या जातात. पालटात कंचुक लखलखीत आणि कड शाबूत राहते. हा फरक फोटोत ओळखता येण्यासाठी रोज तारकेचा एक आणि कडेचा एक, असे दोन फोटो घ्यावेत.

दुसरा आणि तिसरा टप्पा वरून दिसत नाही, कारण कळ्या प्रौढांच्या बगलेत, खालच्या अंगाला असतात. ही कॅमेऱ्याची तिसरी उणीव म्हणता येईल, पण खरं तर ती जागेची अडचण आहे. तिच्यावर तोडगा पुढे दिला आहे.

चक्राचे दिवस पाण्याच्या तापमानावर ठरतात. मॉन्टेरीच्या गार पाण्यात चक्र लांबतं, तिथे सात दिवसांचा हिशेब धरून गेलं तर चुकामूक होते. एका पालटापासून दुसऱ्या पालटापर्यंतचे दिवस त्या-त्या बंदरात एकदा मोजून घ्यावेत. टीजी फोटोसोबत जीपीएसची जागा, पाण्यातली खोली आणि तापमान नोंदवतो. जागेची नोंद फार उपयोगी. तापमानाची नोंद मात्र कॅमेऱ्याच्या अंगाची असते, आणि उन्हात तापलेला कॅमेरा पाण्याच्या तापमानाला यायला वेळ घेतो. मत्स्यालयात वापरतात तसा साधा थर्मामीटर दोरीला बांधून ५ मिनिटं बुडवावा आणि तो आकडा वहीत लिहावा.

काचेवरची वसाहत

वसाहतीची खालची बाजू बघायची तर ती पारदर्शक पृष्ठभागावर वाढलेली हवी. प्रयोगशाळांत बोट्रिलस काचेच्या पट्ट्यांवर वाढवतात. वसाहतीचा तुकडा दोऱ्याने काचेवर बांधला की काही दिवसांत तो काचेवर पसरतो. पाडुआ विद्यापीठात आणि स्टॅनफर्डच्या हॉपकिन्स केंद्रात या प्राण्यावर दशकानुदशकं काम झालं, त्याचा पाया ही काचपट्टी. हौशी माणसाने तुकडे काढायच्या फंदात पडू नये, त्याला परवाने लागतात. पण बंदराच्या कार्यालयाची परवानगी घेऊन स्वच्छ पट्टी टांगता येते.

१० बाय १० सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी घ्यावी. चार कोपऱ्यांना ६ मिलिमीटरची भोकं, त्यातून केबल टाय, वर दोर, खाली वजन. पट्टी आडवी, साधारण १ मीटर खोल टांगावी. तिच्या जमिनीकडच्या, म्हणजे सावलीतल्या बाजूला गाळ बसत नाही आणि शेवाळ कमी येतं, म्हणून समुद्रपिचकाऱ्या तिथेच धरतात. वरच्या बाजूवरचा गाळ दर भेटीत मऊ कापडाने पुसावा, म्हणजे वरून आरपार फोटो काढता येतो. घासणीने पुसल्यास चरे पडतात आणि मग प्रत्येक फोटोत तेच चरे दिसतात. उन्हाळ्यात अळ्या पट्टीवर जास्त धरतात. तीन-चार आठवड्यांत पहिल्या तारका दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत तर बहुधा पट्टी उन्हात किंवा फार वर टांगलेली असते.

३ मिलिमीटर जाडीची पट्टी मध्ये आली तरी टीजीच्या १ सेंटिमीटर अंतरात जागा उरते, म्हणून त्यातून फोकस नीट बसतो. पट्टी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली, बॅटरी बाजूने लावली, की कळ्या, त्यांची धडधडणारी हृदयं आणि ऋतूत असेल तर झूइडच्या अंगाशी वाढणारे गर्भही दिसतात. बोट्रिलस उभयलिंगी आहे, पण एका झूइडचं अंडं त्याच वसाहतीच्या शुक्रपेशी सुटण्याआधी तयार होतं, त्यामुळे बहुतेक वेळा फलन परक्या वसाहतीकडून होतं. अळ्या पालटाच्या थोडं आधी बाहेर पडतात, आईबाप संपायच्या आत. ट्रे उन्हात ठेवू नये. १५ ते २० मिनिटांत पट्टी परत पाण्यात गेली पाहिजे.

व्हिडिओ

फोटोंपेक्षा या कॅमेऱ्याचा व्हिडिओ जास्त शिकवतो, हे ठामपणे सांगण्यासारखं आहे. वसाहतीच्या कडेवर फोकस बसवून, ४के मध्ये, निदान ५ मिनिटं सलग चित्रण घ्यावं. ॲम्प्युला फुगताना-आकसताना दिसतात, वाहिन्यांतून रक्तपेशी वाहताना दिसतात, आणि काही मिनिटांनी प्रवाह थांबून उलट्या दिशेने सुरू होतो. या गटातल्या प्राण्यांचं हृदय ठोक्यांची दिशा अधूनमधून बदलतं. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात ते सापडत नाही, म्हणून सलग चित्रण हवं. हाताने ५ मिनिटं धरणं शक्य नाही. ट्रेमध्ये काम असेल तर छोटी तिपाई, धक्क्यावर असेल तर कॅमेऱ्याखाली दुमडलेला ओला टॉवेल.

दोन वसाहतींच्या कडा एकमेकींना टेकलेली जागा सापडली तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच टिपावी. ॲम्प्युला एकमेकांना स्पर्श करतात, आणि मग दोनपैकी एक घडतं. ओळख पटवणाऱ्या जनुकाची किमान एक प्रत दोघींत समान असेल तर वाहिन्या जुळतात, रक्त एक होतं. नसेल तर स्पर्शाच्या जागी गडद ठिपके उमटतात आणि दोघी मागे सरतात. बँक्रॉफ्ट यांनी १९०३ मध्ये हे जुळणं-नाकारणं नोंदवलं, आणि अवयवरोपणात शरीर परकं अंग कसं ओळखतं या प्रश्नाशी त्याचं नातं असल्यामुळे त्यावर आजही काम चालू आहे. ठिपके एक-दोन दिवसांत उमटतात, म्हणून लागोपाठचे तीन दिवस जावं. फुल एचडीत सेकंदाला १२० चौकटींचा मंदगती मोड आहे, तो पोहणाऱ्या अळीसाठी ठेवावा; ॲम्प्युलांना त्याची गरज नाही.

फोटो पुरत नाही तिथे

बोट्रिलस ओळखायला टीजीचा एक फोटो पुरतो: गोल तारका. शेजारच्याच दोरावर बोट्रिलॉइडिस असतो, त्याचे झूइड लांबट, समांतर, नागमोडी रांगांत उभे असतात. रंगावर जाऊ नये, बोट्रिलस जांभळा, नारिंगी, काळपट, पांढऱ्या रेघांचा, कसाही असतो. रचना बघावी. डिडेम्नम गटातल्या वसाहती मात्र फोटोवरून प्रजातीपर्यंत नेता येत नाहीत. त्यांच्या कंचुकात चुन्याचे सूक्ष्म काटेरी कण असतात, झूइड मिलिमीटरभराचेच, आणि खात्रीची ओळख त्या कणांवरून आणि अळीवरून ठरते. त्याला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक हवा. ‘डिडेम्नमची कुठलीतरी प्रजाती’ एवढं लिहून थांबणं हेच प्रामाणिकपणाचं.

जागा निवडताना धक्क्याची सावलीतली बाजू, दोर, तरते पिंप, शिंपल्यांचे घोस आणि ईलग्रास या समुद्री गवताची पाती बघावीत. उन्हातली उघडी बाजू बहुधा शेवाळाची असते. नदीच्या मुखाजवळच्या धक्क्यांवर पावसाळी हिवाळ्यानंतर काहीच सापडलं नाही तर नवल नाही. गोड्या पाण्याचा थर वर तरंगतो आणि नेमका तरत्या धक्क्याच्या उंचीवरच्या वसाहतींना मारतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जास्त पावसाच्या वर्षांनी असं होतं. त्या वर्षी समुद्राच्या तोंडाकडचे धक्के गाठावेत.

बोट्रिलस तिथला मूळ रहिवासी नाही, या खाडीत तो १९४० च्या दशकापासून नोंदला गेला आहे. होड्यांच्या बुडांवरून आणि कालवांच्या व्यापारातून असे जीव फिरतात. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शिंपलेपालकांना याच प्रजातीने त्रास दिला, शिंपल्यांच्या जाळ्यांवर तिचं ओझं चढतं. म्हणून एका बंदरातून दुसऱ्यात जाताना कॅमेरा, पट्टा, ट्रे, दोर गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावेत. वसाहत खरवडून पाण्यात टाकणं सगळ्यात वाईट, वसाहतीच्या तुकड्यातूनही नवी वसाहत धरू शकते.

कोकणात वापरायचा तर

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि खाली कोकणात ओहोटीला दगडांच्या खालच्या बाजूला, कपारींच्या छतांना वसाहती करणारे असिडियन, म्हणजे समुद्रपिचकाऱ्या, दिसतात. तिथे धक्का हलत नाही ही मोठी सोय, वेळ मात्र भरती-ओहोटीच्या हातात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी धरावी, पाणी पूर्ण ओसरण्याच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी वळल्याबरोबर निघावं. पाणी गढूळ असलं तरी बिघडत नाही, १ सेंटिमीटरमध्ये मावणारा गाळ तो कितीसा. उलटलेला दगड हळूच, होता तसाच परत ठेवावा, कारण सावलीत वाढलेली वसाहत उन्हात तासाभरातही भाजते. पावसाळ्यात खाडीमुखांजवळ खारेपणा उतरतो आणि वसाहती विरळ होतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. वाळू हा तिथला मोठा शत्रू. बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडीवर एक कण जरी बसला तरी पाणी आत शिरायला वाट मिळते.

सहा की सात, आणि जुना घेताना

भिंग, सूक्ष्मदर्शक मोड, पाण्यातली खोली आणि बॅटरी (एलआय-९२बी) दोन्हींत सारखीच. टीजी-७ला यूएसबी-सी आहे, टीजी-६ला जुना मायक्रो-यूएसबी. या कामासाठी टीजी-६ चांगल्या अवस्थेत मिळाला तर वरचे पैसे एलजी-१, दुसरी बॅटरी आणि पाण्यातली बॅटरी-लाइट यांत घालणं जास्त शहाणपणाचं.

वापरलेला घेताना दोन्ही झाकणांची दुहेरी कुलुपं टिचकीसरशी बसतात का ते बघावं, रबरी कड्यांवर चिरा, केस, मिठाचे कण आहेत का ते उजेडात बघावं, आणि भिंगाच्या आत धुकं धरलंय का तेही. रबरी कड्या वर्षातून एकदा बदलाव्यात असं कंपनीच सांगते, तेव्हा त्या कधी बदलल्या हे विकणाऱ्याला विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तो खर्च किमतीतून वजा करावा. पहिल्यांदा पाण्यात नेण्याआधी बॅटरी आणि कार्ड काढून, झाकणांच्या आत कोरड्या टिश्यूचे तुकडे ठेवून कॅमेरा बादलीत तासभर बुडवावा. टिश्यू कोरडा निघाला तरच समुद्रात. नंतर प्रत्येक वेळी झाकणं बंद ठेवूनच गोड्या पाण्यात भिजवून, टिपून, वाळल्यावरच उघडायचा, आणि धक्क्यावर किंवा वाळूत तर झाकण कधीच उघडायचं नाही. कार्ड भरलं तर गाडीत परत जाऊन बदलावं.